बसायचा परवाना

"साहेब, दिवसभर गळ टाकून बसलं आणि एकही मासा लागला नाही, तर परवान्याचे पैसे परत मिळतात का?"

हा प्रश्न माझा नव्हता. हे आधीच सांगून टाकते, कारण यापुढे जे काही झालं ते सगळं माझंच आहे आणि निदान एक गोष्ट तरी दुसऱ्याच्या माथी मारता यावी एवढीच माझी इच्छा आहे. प्रश्न ठसकाचा होता. ठसका म्हणजे माझी मैत्रीण. हसताना तिला ठसका लागतो आणि ती हसत नसते असा प्रसंग अजून मी पाहिलेला नाही.

शाळेच्या सभागृहात मत्स्य खात्याचे निरीक्षक आले होते. उंच, वाकलेले, आणि आवाज इतका मऊ की माइकलाही तो पुढे ढकलावा लागत होता. आमच्या तळ्यावर बाकांवर बसून, दोरा गुंडाळायची चरखी लावलेल्या काठीने मासे पकडणाऱ्यांना परवाना लागतो, तो आता भिंतीवरून साधी काठी टाकणाऱ्यांनाही लावायचा विचार आहे, असं ते समजावून सांगत होते. शेवटी "कोणाला काही शंका?" असं त्यांनी विचारलं. नेहमीप्रमाणे कोणालाच नव्हती. तेव्हा ठसका माझ्या कानात कुजबुजली, "विचार. नाहीतर कबूल कर, की वक्तृत्वाची ढाल तुला चुकून मिळाली."

आता ही ढाल म्हणजे माझा कमकुवत भाग आहे. गेल्या वर्षापर्यंत मी हजेरीला 'हजर' म्हणायचे ते फक्त माझ्या पुढच्या वेणीला ऐकू जायचं. मग कोणीतरी आजारी पडलं, मला ऐनवेळी स्पर्धेत उभं केलं गेलं, आणि मी ढाल घेऊन घरी आले. तेव्हापासून मी बोलते आहे. आई म्हणते, पूर्वी हिला बोलतं करायला डॉक्टर शोधत होतो, आता तोच डॉक्टर तक्रार घेऊन येईल. तर मी उभी राहिले आणि विचारलं.

सभागृह हशाने फुटलं. मुख्याध्यापिका बाईंनी माझ्याकडे असं पाहिलं की पुढच्या रांगेतल्या दोघी उगाच सरळ बसल्या. पण निरीक्षक साहेब रागावले नाहीत. उलट खुलले.

"मिळत असते ना," ते म्हणाले, "तर तळ्यावरच्या एका गृहस्थांना खात्याने आत्तापर्यंत बंगला बांधून दिला असता! उत्तरेकडच्या बाकावर बसतात. हिरवी टोपी. दरवर्षी सगळ्यांच्या आधी येऊन परवाना काढतात. आणि इतक्या वर्षांत त्यांना काय लागलं? एकदा शेवाळाचा गोळा, आणि एकदा चप्पल."

सभागृह पुन्हा फुटलं. ठसकाला इतका जोराचा ठसका लागला की तिने माझा दंड धरला. मग तिचा ठसका एकदम थांबला. कारण ठसका आमच्या घरी नेहमी येते, आणि आमच्या दारामागच्या खुंटीवर काय टांगलेलं असतं ते तिला माहीत आहे.

एक हिरवी टोपी.

माझ्या अनुभवाने लाज दोन प्रकारची असते. एक कानांत येते. ती गरम असते आणि गार पाण्याने जाते. दुसरी पोटात येते. ती गार असते आणि तिच्यावर अजून औषध निघालेलं नाही. त्या क्षणी मला फक्त कानांतली आली. आणि ती कोणाला दिसू नये म्हणून मी काय केलं? हसले. सगळ्यांपेक्षा मोठ्याने हसले. स्वतःच्या बाबांच्या चपलेला.

ठसका माझ्याकडे बघतच राहिली. ती काही बोलेल या भीतीने मी पुन्हा उभी राहिले आणि सरळ भाषणालाच हात घातला. "साहेब, हा हसण्यावारी न्यायचा विषय नाही! पाणी आभाळाचं, मासे पाण्याचे, काठी ज्याची त्याची. मग फी कसली? उद्या खिडकीतून चंद्र बघायचाही परवाना काढाल!"

टाळ्या. बाकं वाजली. साहेब मऊ आवाजात म्हणाले, "बाळ, मासे तळ्यात कुठून येतात असं तुला..." आणि तेवढ्यात घंटा झाली. घंटा माझ्या बाजूची होती असं तेव्हा मला वाटलं.

माणसाने टाळ्या वाजल्यावर घरी जावं आणि गप्प जेवावं. मी जिन्यातच कायदेवाल्या काकांना सगळं सांगितलं. हे काका आमच्या खालच्या मजल्यावर राहतात. ते वकील नाहीत. ते कोर्टात टायपिस्ट होते, पण आयुष्यभर कायदा टाइप केला की तो बोटांतून हळूहळू डोक्यात चढतो असं त्यांचं मत आहे. त्यांना भरघोस मिशा आहेत आणि विचार करताना ते दोन्ही टोकं आळीपाळीने ओढतात. त्या दिवशी त्यांनी दोन्ही टोकं एकदम ओढली.

"पोरी, यात दम आहे. हे वर जाऊ शकतं."

"वर म्हणजे कुठे, काका?"

"वर म्हणजे वर," ते म्हणाले, आणि खरोखरच वर आले. आमच्याच घरी, संध्याकाळी, सोबत पार्लरवाल्या मावशींना घेऊन. मावशींचं पार्लर आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर आहे. परिसरातली प्रत्येक बातमी तिथे येते, तिची वाफ घेतली जाते आणि ती चकाकत बाहेर पडते. आमच्या बैठकीच्या खोलीत 'मुक्त गळ समिती' स्थापन झाली. काका सल्लागार, मावशी प्रसिद्धी, ठसका चिटणीस आणि अध्यक्ष मी. या चौघांपैकी एकानेही जन्मात गळ हातात धरलेला नव्हता. पण त्याने काही बिघडतं असं तेव्हा कोणाच्या लक्षात आलं नाही.

समितीला चहा बाबांनी दिला.

बाबांबद्दल सांगायला हवं. बाबा वीज कंपनीत तक्रारीच्या खिडकीवर बसतात. दिवसभर माणसं येतात आणि त्यांच्यावर ओरडतात: बिल जास्त आलं, दिवे गेले, पंखा जळाला, तुमच्यामुळे दूध नासलं. बाबा म्हणतात, "बरोबर आहे तुमचं," आणि नोंद घेतात. सहा दिवस हे. रविवारी ते हिरवी टोपी घालून तळ्यावर जातात आणि संध्याकाळी रिकाम्या हाताने येतात. तळ्यावरचे इतर सगळे निसटलेल्या माशाची लांबी दोन्ही हात पसरून दाखवतात. बाबांना विचारलं, "काय, लागलं का काही?" तर ते म्हणतात, "नाही." बस. एवढंच. फाटकाजवळ एक काळा फळा आहे. संध्याकाळी राखणदार प्रत्येकाचा मासा काट्यावर टांगतो आणि नावापुढे खडूने वजन लिहितो. बाबांच्या नावापुढे शून्य लिहायच्या आधी तो आता विचारतही नाही.

तर बाबा ट्रे घेऊन आत आले, आणि मी, अध्यक्ष या नात्याने, समितीसमोर म्हणाले, "हे बघा, घरातलंच उदाहरण. बाबा, तुम्ही इतकी वर्षं फी भरता. सांगा बरं, मोबदल्यात तुम्हाला काय मिळालं?"

बाबांनी कप ठेवले. थोडा विचार केला. "बसायला मिळालं," ते म्हणाले.

सगळे हसले. मावशी तर म्हणाल्या, "अहो, बसायला आमच्या पार्लरमध्ये या, वर मानेचा मसाजही करून देऊ!" बाबाही हसले आणि साखर आणायला आत गेले. आईने स्वयंपाकघराच्या दारातून माझ्याकडे पाहिलं. आई रक्ततपासणीच्या लॅबमध्ये काम करते. समोरच्याला कळायच्या आत सुई आत गेलेली असते.

"त्यांना एकच दिवस असतो," ती हळूच म्हणाली. "तेवढा सोडून मोर्चा काढ."

"अगं आई, हे तत्त्वासाठी आहे!"

"तत्त्वाला शनिवारी वेळ नाही का?"

शनिवारी शाळा अर्धी असते आणि माझा क्लास असतो, हे मी तिला समजावून सांगितलं. समितीने रविवार ठरवला.

त्याआधी निवेदन द्यायला आम्ही मत्स्य खात्याच्या ऑफिसात गेलो. मला वाटलं होतं तिथे माशांचा वास येईल. फिनाइलचा आला. खिडकीवरच्या बाईंनी डबा बाजूला सरकवून आमचं निवेदन वाचलं. पूर्ण वाचलं. असं कोणी करेल याची आमची तयारी नव्हती.

"कुठल्या गळाबद्दल विरोध आहे?" त्यांनी विचारलं.

"म्हणजे?"

"चरखीच्या गळाबद्दल असेल तर ही खिडकी. साध्या काठीबद्दल असेल तर शेजारची."

शेजारची खिडकी बंद होती. तिच्यावर कोळ्याने स्थिर संसार मांडलेला होता. "ती कधी उघडते?" ठसकाने विचारलं.

"साध्या काठीला परवाना अजून लागू झालेला नाही ना. तो लागू झाला की खिडकी उघडेल. मग तुम्ही तिथे या आणि परवाना लागू करू नका असं सांगा."

कायदेवाल्या काकांनी मिशी ओढली. "मुद्दा बिनतोड आहे," ते आदराने म्हणाले. आमचा सल्लागार असा आमच्यासमोरच फितूर झाला.

"बरं, रविवारी आम्ही तळ्यावर जमणार आहोत," मी छाती पुढे काढून म्हणाले. "गळ टाकून निषेध करणार आहोत."

"नुसतं जमायचं असेल तर पोलिसांची परवानगी. चरखीचा गळ घेऊन जमलात तर ते जमणं होत नाही, मासेमारी होते. त्याला आमचा परवाना."

"म्हणजे परवान्याला विरोध करायला आधी परवाना काढायचा?"

"विद्यार्थ्यांना सवलत आहे," बाई म्हणाल्या. अगदी मनापासून म्हणाल्या. तेच जास्त लागलं.

आम्ही बाहेर पडत होतो तेव्हा निरीक्षक साहेब आवारात दिसले. पाण्याने भरलेल्या, हवेने फुगवलेल्या प्लास्टिकच्या पिशव्या एका टेम्पोतून उतरवून घेत होते. त्यांनी मला ओळखलं. "ये, बघ," म्हणत एक पिशवी उन्हात धरली. आत नखाएवढे शेकडो मासे होते, पाण्यालाच डोळे फुटल्यासारखे. "तुझ्या प्रश्नाचं उत्तर अर्धं राहिलं होतं. फी जाते ती इथे. हे दरवर्षी सोडले नाहीत तर दोन-तीन वर्षांत तळ्यात चपलाच उरतील."

ठसका म्हणाली, "अय्या, किती गोड!"

मी तिला कोपराने ढोसलं. चिटणिसाने शत्रूच्या माशांना गोड म्हणायचं नसतं.

घरी परतताना काकांनी मार्ग काढला. चरखीच्या गळाला परवाना लागतो, साध्या काठीला अजून लागत नाही. मग रविवारी सगळ्यांनी साध्या काठ्याच आणायच्या. निषेधही होईल आणि गुन्हाही होणार नाही. एवढा सुरक्षित लढा याआधी कोणी दिला नसेल.

आणि तो सुरक्षितच राहिला असता. पण मावशींनी सांगितलं की त्या फोटो काढून सगळीकडे पाठवणार आहेत. मी आरशासमोर आमच्या झाडूची दांडी धरून उभी राहून पाहिलं. अध्यक्ष वाटत नव्हते. घर झाडायला निघाल्यासारखी वाटत होते. बाबांची जुनी चरखीची काठी कपाटामागे असते. काळी, चकचकीत, तिला परवान्याचा पितळी बिल्ला बांधलेला. ती धरून पाहिली. मग काय सांगू! मी मलाच मत दिलं असतं.

रविवारी सकाळी बाबांनी कपाटामागे हात घातला, थांबले, हात तसाच बाहेर काढला आणि माळ्यावरची साधी काठी घेतली. माझ्याकडे पाहिलंही नाही. फक्त जाता जाता म्हणाले, "चरखीचा खटका जरा सैल आहे. अंगठा जपून."

समिती तळ्यावर पोचली. काकांकडे छत्री होती, कारण छत्रीला कायद्यात कुठेही गळ म्हटलेलं नाही. मावशींनी पार्लरच्या पडद्याची दांडी आणली होती, कड्यांसकट. ती हलली की घुंगरांसारखी वाजायची. ठसकाकडे बॅडमिंटनची रॅकेट होती. का, ते विचारायची हिंमत झाली नाही. तिच्यामागे आमच्या इमारतीतली आणि शाळेतली मिळून बरीच मंडळी होती, ज्यांना विषय काय ते नीट माहीत नव्हतं पण फोटो आहे हे माहीत होतं. आमचा फलक मोठा होता आणि तो बांधायला दोन खांब हवे होते. ते एकाच ठिकाणी सापडले: उत्तरेकडच्या बाकाच्या दोन्ही बाजूंना.

बाबा आले तेव्हा त्यांच्या बाकावर चौदा पिशव्या, मावशींचा मेकअपचा डबा आणि काका होते. "या, या! बसा ना!" काका म्हणाले आणि सरकले नाहीत. बाबा म्हणाले, "नको नको, चालू द्या तुमचं." पलीकडे चिखलात एक दगड होता. त्यांनी त्यावर रुमाल पसरला, टोपी नीट केली आणि गळ टाकला. आमच्या घोषणा सुरू झाल्या. प्रत्येक घोषणेला पाण्यावर तरंगणारं त्यांच्या गळाचं बूच थरथरायचं आणि बाबा मान वर करून आमच्याकडे बघायचे. खिडकीवर बघतात तसे.

पोटात काहीतरी गार हललं. मी ते भुकेवर ढकललं.

मावशी ओरडल्या, "अध्यक्ष, गळ टाका! फोटो!" मी काठी उचलली. गळाला लावायला काहीतरी हवं, नाहीतर फोटो खोटा वाटेल, असं मावशींचं म्हणणं. ठसकाने सँडविच खाता खाता आतलं चीज काढून दिलं. मी ते लावलं, काठी फिरवली, आणि डोळे मिटून फेकली. गळ पाण्यात पडला हेच मला नवल वाटलं. मी हसून कॅमेऱ्याकडे वळले.

आणि काठी माझ्या हातातून निघून चालली.

मी किंचाळले. काय किंचाळले? घोषणा नाही. "बाबाऽऽ!" अशी किंचाळले, पहिलीतल्या मुलीसारखी. बाबा दगडावरून उडी मारून आले. त्यांनी स्वतःची काठी चिखलात टाकली, टोपी पडली, ती पायाखाली गेली. पण माझ्या काठीला त्यांनी बोटही लावलं नाही. बाजूला उभे राहिले आणि बोलायला लागले. "ढील दे. दे, दे, जाऊ दे त्याला. आता थांब. थांब! आता ओढ. हळू. टोक वर. शाब्बास, अशीच... ढील!" मला तेव्हा समजलं की हे सगळं त्यांना पाठ होतं, आणि वापरायची वेळ आजपर्यंत कधी आली नव्हती.

मासा काठावर आला. मोठा, काळपट, चिकट आणि मिशा असलेला. त्याने काकांकडे पाहिलं, काकांनी त्याच्याकडे पाहिलं. दोघांमध्ये इतकं साम्य होतं की ठसकाला तो प्रसिद्ध ठसका लागला.

बाबांचा चेहरा मात्र मी बघत होते. आधी त्यावर आनंद आला, नुसता शुद्ध आनंद, माझ्या ढालीच्या दिवशी होता तसा. मग त्यांनी माशाकडे पाहिलं. मग चिखलातल्या आपल्या काठीकडे. आणि मग ते पुन्हा हसले. पण हे दुसरं हसू खिडकीवरचं होतं.

इतकी वर्षं. आणि मी, सँडविचमधल्या चीजवर.

"छान," मागून मऊ आवाज आला. निरीक्षक साहेब उभे होते.

समितीचं पुढे काय झालं ते लिहिताना माझा हात अडतो. काकांनी छत्री उघडली आणि ऊन फार आहे म्हणाले. ढग होते. मावशी म्हणाल्या, "मी? मी पडदा लावायला चालले होते!" आणि दांडी छुमछुम वाजवत निघूनही गेल्या. बाकीचे फिरायला आलेले होते. ठसका तेवढी राहिली, रॅकेट पाठीमागे धरून.

"चरखीची काठी, परवाना नाही, वय लहान," साहेब दुःखाने म्हणाले. "नोटीस शाळेमार्फत जाते, बाळ. नियम आहे."

शाळेमार्फत. म्हणजे मुख्याध्यापिका बाई. म्हणजे पुढची स्पर्धा गेली, ढाल गेली, आणि मी परत पुढच्या वेणीशी बोलणार. मी तोंड उघडलं. भाषण आलं नाही. आवाजही आला नाही. ऐनवेळी अगदी जुनी मी हजर झाले.

"मासा माझा आहे," बाबा म्हणाले.

साहेबांनी त्यांच्याकडे पाहिलं.

"काठी माझी. हा बिल्ला माझा. गळ मीच टाकला होता. मला... शिंक येत होती, म्हणून मी हिच्या हातात दिली. क्षणभर."

"शिंक," साहेब म्हणाले.

"मोठी होती," बाबा म्हणाले, आणि त्यांचे कान लाल झाले.

साहेबांनी काठीवरचा बिल्ला उलटसुलट करून पाहिला. मग म्हणाले, "ठीक आहे. काट्यावर टांगा. उद्या दुपारी मी फळ्यावरची नोंद पक्की करतो. त्याआधी कोणाला काही दुरुस्ती सांगायची असेल, तर ऑफिस उघडं असतं." हे बोलताना ते बाबांकडे बघत नव्हते.

राखणदाराने मासा टांगला. त्याने खडू उचलला, तो ठेवून नवा कोरा घेतला, आणि बाबांच्या नावापुढे वजन लिहिलं, मोठ्या अक्षरांत, खाली दोन रेघा मारून. बाकांवरचे सगळे जुने गळवाले उठून आले. कोणी पाठ थोपटली, कोणी चिखलातली टोपी झटकून डोक्यावर ठेवली. "अखेर!" म्हणाले. एका आजोबांचे तर डोळे भरून आले. बाबा "हो, हो" म्हणत होते आणि पायाकडे बघत होते. तळ्यावरचा एकच माणूस माशाबद्दल कधी खोटं बोलला नव्हता. आता तळ्यावर असा माणूस उरला नाही, आणि ते मी केलं.

ही लाज पोटातली होती.

मासा जिवंत होता, आणि तो तळ्यात परत सोडा म्हणायची बाबांना हिंमत झाली नाही. सगळे टाळ्या वाजवत होते ना. तो राखणदाराच्या बादलीतून आमच्या घरी आला आणि बाथरूममधल्या कपड्यांच्या मोठ्या टबात गेला. मिशीवाले मासे चिवट असतात म्हणे. तो आरामात मिशा हलवत राहिला. संध्याकाळभर लोक येत होते. मावशी पडदा लावून झाल्यासारख्या आल्या आणि त्यांनी बाबांचा आणि टबाचा फोटो काढला. काका म्हणाले, "मी म्हणतच होतो, यांच्यात दम आहे." आईने प्रत्येकाला दार उघडलं आणि प्रत्येकाच्या मागे जरा जोरात लावलं.

"मला आंघोळ करायची आहे," ती शेवटी म्हणाली. "आणि तो माझ्याकडे कायदेशीर नजरेने बघतो."

कोणी हसलं नाही. बाबा बाथरूमच्या दारात स्टुलावर बसले होते. जेवले नव्हते. मी त्यांच्याजवळ जाऊन जमिनीवर बसले.

"बाबा, शाळेत साहेबांनी तुमच्या चपलेची गोष्ट सांगितली," मी म्हणाले. "आणि मी हसले. सगळ्यात मोठ्याने."

"चप्पल चांगली होती ती," बाबा म्हणाले. "पण एकच." मग टबात डोकावून म्हणाले, "हसण्यासारखंच आहे गं ते."

"मग तुम्ही जाता कशाला? आणि वर फी भरता?"

बाबांनी पाण्यात बोट बुडवलं. मासा दूर गेला नाही.

"तळ्याकाठी नुसतं बसून बघ एकदा," ते म्हणाले. "कोणीतरी येतं. काय झालं विचारतं. घरी भांडण झालं का, नोकरी गेली का, तब्येत बरी आहे ना. आणि मग स्वतःचं सांगायला लागतं. गळ टाकून बसलं की कोणी काही विचारत नाही. माणूस कामात आहे असं वाटतं त्यांना. सहा दिवस मी सगळ्यांचं ऐकतो. सातव्या दिवशी कोणी काही बोलू नये, याची मी फी भरतो. मासा हा... मासा आला असता तर मला आवडलंच असतं. पण तो परवान्यात धरलेला नव्हता."

पलीकडे आई भांडी पुसत होती. ती थांबली.

मला आमचा फलक आठवला. बाकाच्या दोन्ही खांबांना बांधलेला, मोठ्या अक्षरांतला. आणि त्याखाली मी, काठी धरून, ओरडत. परवाना बंद झाला असता तर रोज तसंच झालं असतं: छत्र्या, दांड्या, रॅकेट, फोटो. मग ते नखाएवढे मासे, पिशवीतले, कोणी आणलेच नसते. आणि दगडावर रुमाल पसरून बाबा.

"उद्या मला कामावर सगळे विचारतील," बाबा म्हणाले. "कसा लागला, काय लावलं होतं. काय सांगू मी? चीज?" त्यांनी हसायचा प्रयत्न केला. तो जमला नाही. "मला शिंकही आली नव्हती गं."

मी उठले. स्पर्धेत भाषणाआधी उठते तशी उठले.

"आई, तूही ऐक. मी ठरवलंय," मी म्हणाले. "आत्ता आपण तिघांनी बादली धरून तळ्यावर जायचं आणि याला सोडायचं. उद्या शाळेच्या आधी मी साहेबांकडे जाणार. मासा माझा होता आणि बाबांना शिंक आलीच नव्हती, असं सांगणार. नोटीस शाळेत येऊ दे. ढाल गेली तरी चालेल. बाबांच्या नावापुढचं वजन मी स्वतः पुसणार. मग त्या बाईंच्या खिडकीवर जाऊन मी परवाना काढणार, सवलत न घेता. आणि बाबा, तुमची हरकत नसेल तर दर रविवारी बाकाच्या दुसऱ्या टोकाला येऊन बसणार. गळाला काही लावणार नाही. आणि तिथे असेपर्यंत मी एक शब्दही बोलणार नाही."